पाहुण्याच्या अंगात शर्ट नव्हता

पोळा होऊन आठवडा झाला की आमच्या शाळेमागच्या कापसाच्या पऱ्हाटीतून तो वास यायला लागतो. कुजलेल्या लसणावर कोणी रॉकेल ओतलं असावं, तसा. ऊन चढायच्या आत येतो, दोरीवरच्या चादरींत शिरतो, वर्गात येऊन बसतो. पोरी नाकाला रुमाल लावतात, खिडक्या ओढून घेतात. मी माझ्या खोलीची खिडकी उघडी ठेवते. माझा राग वर्षभर टिकणाऱ्यातला आहे, पण फवारणीच्या दिवसांत तो नव्याने फुटतो, पावसाळ्यात भिंतीतून पिंपळ फुटावा तसा.

शाळा म्हणजे नर्सिंगची सरकारी शाळा. मी तिथे शिकवते. यंदा या वासाच्या जोडीने नागपूरहून एक पुतळा आला. साधासुधा नाही. त्याची छाती वरखाली होते, मनगटाला नाडी लागते, छातीत घरघर वाजते, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या होतात. आपण हातात यंत्र धरून बटण दाबायचं, की तो आजारी पडतो. याला सिम्युलेशन म्हणतात. खऱ्या माणसाला हात लावण्याआधी खोट्या माणसावर चुका करून मोकळं व्हायचं, एवढाच त्याचा अर्थ. विकणारा टाय लावून आला होता. त्याला मी तीनदा परत पाठवला. चौथ्या खेपेला तो एक जादा हात, कातडीचा एक जादा संच आणि दोन दिवस येऊन फुकट शिकवणं, एवढं सगळं द्यायला कबूल झाला. जाताना म्हणाला, मॅडम, तुम्ही चुकीच्या धंद्यात आहात. मी म्हटलं, धंदा बरोबर आहे, तुम्ही चुकीच्या गावात आलात.

आठव्या दिवशी पाहते तर पुतळा काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली प्राचार्य मॅडमच्या टेबलाच्या खणात. कारण शाळेची तपासणी यायची होती, आणि तपासणीपर्यंत पुतळा नवाकोरा दिसायला हवा होता. इकडे पुढच्या सोमवारपासून माझ्या अठ्ठावीस पोरी वॉर्डात उभ्या राहणार होत्या. ऐन फवारणीत.

अशा वेळी माणूस वीस वर्षं मागे जातो असं लिहायची पद्धत आहे. मी मागेबिगे गेले नाही. मी होते तिथेच होते. ते कपाटच माझ्या मागे मागे आलं होतं.

आमच्या वेळच्या, अशाच कुलूपबंद कपाटातल्या पुतळ्याला आम्ही पाहुणा म्हणायचो. गुलाबी अंग, निळे डोळे, आणि गळ्यापासून पायापर्यंत कारखान्यातून आलेलं प्लास्टिक. त्याच्यापुढे मोठ्याने बोलायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, त्याच्यासाठी खोली झाडून ठेवायची. पाहुणाच तो. दसऱ्याला मात्र कात्र्या, चिमटे, बीपीचं यंत्र यांच्या रांगेत त्यालाही आणून झोपवायचं. कपाळापुरतं प्लास्टिक बाजूला सारायचं, हळदकुंकू लावायचं, छातीवर झेंडूची माळ. तीन वर्षांत माझा हात त्याला तीनदा लागला, आणि तिन्ही वेळा कुंकू लावायला. इंजेक्शन आम्ही वांग्याला दिलं. वॉर्डात पहिल्यांदा माणसाच्या दंडात सुई घातली आणि तो दंड आखडला, तेव्हा मला कळलं की वांगं हलत नाही.

माझी आई नेरच्या बाजारात बांगड्या भरायची. मी दहा वर्षांची असताना तिने मला बांगडी भरायला शिकवली, ती फळ्यावर नाही आणि पुतळ्यावर नाही. स्वतःचा हात पुढे केला. अंगठ्याचं हाड आत कसं दाबायचं, तळहात मऊ कसा करायचा, बांगडी कुठे अडते आणि तिथे जोर का करायचा नाही, हे मी तिच्या हातावर शिकले. मी घाबरून हात मागे घेतला की म्हणायची, "भर. फुटली तं मले लागन, गिऱ्हाइकाले नाही." तिच्या मनगटावर पांढऱ्या रेघा होत्या, त्यांतल्या चारपाच माझ्या. पुढे मला मोठमोठे शब्द ऐकायला मिळाले, चर्चासत्रांना नेऊन बसवलं, जेवण दिलं. पण शिकवणं म्हणजे काय ते त्या रेघांपेक्षा जास्त कोणी सांगितलं नाही. भाव करणंही मी तिथेच शिकले. आई प्रत्येक गोष्टीवर घासाघीस करायची. फक्त नवरीच्या चुड्यावर नाही. चुड्याचा सांगितला तो भाव. गिऱ्हाईक उठून गेलं तरी चालेल.

तर अशी मी, वांग्यावर तयार झालेली, कापसाच्या त्या वाईट वर्षांपैकी एका वर्षी नोकरीला लागले. दवाखाना सरकारी, कुठला ते सांगत नाही. अळी कोणत्याच औषधाला जुमानत नव्हती, म्हणून लोक दोन औषधं एकात कालवून मारत होते, आणि पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, म्हणून मारलेलं पुन्हा मारणाऱ्याच्याच तोंडावर येत होतं. वॉर्डात खाटा कमी आणि फवारणीतून आलेली माणसं जास्त. मला लागून तेरा दिवस झाले होते. शिकवायला कोणी सोबत नव्हतं. इन्चार्ज सिस्टरने पहिल्या दिवशी कपाटं दाखवली, हीच माझी ओळखपरेड.

अंबादास दुपारी आला. मोटारसायकलवर दोघांच्या मधे धरून आणलेला. पस्तिशीचा, काटक. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर. पाठीवर शर्ट ओला. मी समजले घाम. पाठीवरचा पंप झाकणातून गळतो आणि मारणाऱ्याची पाठ दिवसभर औषधात भिजत राहते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या नेरच्या कुठल्याही पोराला माहीत असतं. पण त्या क्षणी मी नेरची नव्हते. मी पांढऱ्या कपड्यातली होते.

सोबत त्याची बायको मंदा. मी पुस्तकातल्या क्रमाने विचारायला लागले. त्रास काय, कधीपासून, आणि मग, आधी काही औषध घेतलं का. मला म्हणायचं होतं, गावच्या डॉक्टरची गोळीबिळी घेतली का.

मंदा म्हणाली, "घेतलं न बाई. सकाळीच घेतलं."

तिला म्हणायचं होतं, दुकानातून घेतलं, विकत. आमच्याकडे फवाऱ्याच्या डब्यालाही औषधच म्हणतात. औषध आणतात, औषध कालवतात, औषध मारतात. माझ्या आईला हे विचारावंही लागलं नसतं. पण शाळेने मला तीन वर्षांत एक दुसरं औषध शिकवलं होतं, आणि जुनं काढून घेतलं होतं. मी लिहिलं, सकाळी औषध घेतलं. डॉक्टर एकटे, दहा खाटांमधून धावणारे. त्यांनी ते वाचलं, त्याचा रंग बघितला, आणि साहजिकच समजले की माणूस विष प्यालेला आहे. नळी घातली, पोट धुतलं, सुया सुरू केल्या. सगळं पोटाकडे बघत. अंगाकडे कोणी बघितलं नाही.

उलटीने भरलेला शर्ट मंदानेच काढला. वॉर्डात उशी नव्हती. तिने शर्टाची घडी केली, उलटीची बाजू आत घेतली, आणि ती त्याच्या डोक्याखाली सारली. मी ते पाहिलं. मला बरंच वाटलं. कागदावर मी लिहिलंसुद्धा, डोक्याखाली आधार दिला.

मग सुरू झालं ते अजून माझ्या पोटात आहे. दर पंधरा मिनिटांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारायची. बाहुल्या आल्या तेव्हा मोहरीएवढ्या. सुयांनी त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या झाल्या, छाती मोकळी झाली, त्याने मंदाचं नाव घेतलं. तासाभरात पुन्हा मोहरी. पुन्हा लाळ, पुन्हा घरघर. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, तो वर आला, आणि पुन्हा खाली गेला. विहिरीतून पोहरा वर काढावा आणि कोणीतरी तो काठावरून परत ढकलावा, तसं. इन्चार्ज सिस्टरने सगळ्यांसमोर विचारलं, सुया देतेस की नुसत्या फोडतेस. औषधाच्या फुटलेल्या कुप्या ट्रेमध्ये मोजल्या. आकडा बरोबर भरला.

व्हरांड्यात दुसरंच चाललं होतं. कागदावर औषध घेतलं असं आल्यामुळे पोलीस आला आणि मंदाला विचारायला लागला, घरी काय झालं, का प्यायला. दिराने ते ऐकलं आणि तोही तिच्यावर आला, की सकाळी तू त्याला काय बोललीस. माझ्या एका शब्दाने त्या बाईला नवऱ्याच्या खाटेपासून उठवून आरोपीसारखं उभं केलं. ती माझ्याकडे आली. रडत नव्हती. हळू आवाजात म्हणाली, "त्यायनं पेलं नाही बाई. त्यायनं मारलं."

मी तिला बाहेर बसायला सांगितलं. गर्दी करू नका म्हणाले.

हे मी वीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. सिस्टरचं बोलणं सांगितलं, कागदाचं सांगितलं, स्वतःवर झालेला अन्याय तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितला. हे नाही.

वॉर्डात सुभद्रामावशी होती. फरशी पुसणं, भांडी देणं, मेलेल्याला झाकणं, ही तिची कामं. ऊन खिडकीतून खाली उतरलं होतं तेव्हा ती पोछा मारत अंबादासच्या खाटेशी आली आणि थांबली. वाकली. त्याच्या तोंडाशी नाक नेलं, मग केसांशी, मग डोक्याखाली.

"बाई," ती म्हणाली, "वास तोंडाले नाही. उशाले येऊन राह्यला."

तिने शर्ट ओढून काढला तेव्हा खालच्या रेक्झिनवर ओला ठसा उमटलेला होता, आणि अंबादासचे केस मागून चिकट झाले होते. आम्ही त्याच्या पोटातून विष काढत होतो आणि तो ते मानेतून पीत होता. मावशीने बादली आणली, साबणाची वडी आणली, माझ्या हातांत मोजे चढवायला लावले आणि सांगत गेली. केस. कानांच्या मागे. काखा. नखं. पाठ, पुन्हा पाठ. पँट काढताना माझा हात थांबला. मी बावीस वर्षांची, दीर दारात उभा. मावशीने दिराला पाणी आणायला पिटाळलं आणि पँट मीच काढावी म्हणून वाट बघत उभी राहिली. मी काढली. दिवे लागले तेव्हा बाहुल्या ज्वारीएवढ्या होत्या, आणि नंतर त्या तशाच राहिल्या.

हात धुताना मावशीने विचारलं, "तुमच्या शाळेत पेशंटचे कपडे काढाले शिकवत नाही काय व?"

मी म्हटलं, "आमच्या पुतळ्याले कपडेच नव्हते, मावशी."

ती हसायला लागली. पालथ्या बादलीवर बसून, पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले, आणि मग मला रडू आलं, आणि तिने मला तिथेच, त्या मोरीत, रडू दिलं.

अंबादास जगला. घरी गेला तेव्हा हात कापत होते, चहाची बशी धरता येत नव्हती. मंदा जाताना मावशीच्या पाया पडली. माझ्याकडे बघून मान हलवली, बस. तेवढं बरोबर होतं.

आणि मला मिळाला एक कागद. नवनियुक्त परिचारिकेच्या हलगर्जीपणामुळे रुग्णाची चुकीची माहिती नोंदली गेली. खाली सही करा. मी चुकीचा शब्द दुरुस्त करू का विचारलं, तर लिहिलेलं खोडता येत नाही असं सांगितलं गेलं. मी सही केली. त्याची एक प्रत अजून माझ्या ट्रंकेत आहे. हलगर्जीपणा होता, मी नाही म्हणत नाही. पण तो माझ्या एकटीचा होता? तीन वर्षं ज्यांनी पाहुण्याचं प्लास्टिक निघू दिलं नाही, त्यांना कोणी कागद दिला? तेराव्या दिवशी ज्यांनी मला दहा खाटांसमोर एकटं सोडलं, त्यांनी कुठे सही केली? आजही नवी पोरगी चुकली की सगळे म्हणतात, यांना काही येत नाही. अरे, तुम्ही येऊ कधी दिलं? पोहायला शिकवताना पाणी ओलं होईल म्हणून जपायचं, आणि मग पोरीला विहिरीत ढकलून काठावरून नावं ठेवायची. आणि सगळ्यात जास्त मला लागलं ते हे, की त्या सगळ्या कागदांमध्ये सुभद्रामावशीचं नाव कुठेच नव्हतं. रुग्णाला औषधोपचाराने आराम पडला, असं होतं.

म्हणून यंदा मी प्राचार्य मॅडमच्या खोलीत गेले तेव्हा आधी ओरडले. ओरडायला नको होतं, पण ते झालं. मॅडम वाईट नाहीत. त्यांच्या घरात तीन पिढ्या हापिसात गेल्या, वस्तू जपून ठेवायची त्यांना सवय आहे, आणि मागच्या तपासणीत एका तुटलेल्या स्टँडवरून त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. मला म्हणाल्या, तुटला तर? मी म्हटलं, तुटला तर माझ्या नावावर लिहा, कागदावर सही करायची मला जुनी सवय आहे. मग आम्ही भावाला बसलो. त्या म्हणाल्या, तपासणीनंतर. मी म्हटलं, सोमवारच्या आधी. त्या म्हणाल्या, प्लास्टिक काढायचं नाही. मी म्हटलं, प्लास्टिक काढेन आणि तपासणीच्या दिवशी परत असं घालेन की कारखानेवाला फसेल. शेवटी किल्ली शनिवारपर्यंत माझ्याकडे. शनिवारी संध्याकाळी मी ती परत केली. शुक्रवारीच बाजारात तिच्यासारखी दुसरी करून घेतली होती. मॅडम हे वाचतील. वाचू देत.

त्या आठवड्यात मी पुतळ्याला माझ्या नवऱ्याचा जुना शर्ट आणि पँट घातली. पाठ पाण्याने भिजवली, ठेचलेला लसूण आणि रॉकेलचे चार थेंब चोळले. मी स्वतः मंदा झाले. डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही. पहिली पोरगी पायल. ढाणकीची, बाप कास्तकार, स्वतः पंप पाठीवर घेणारा. हुशार पोरगी. तिने मला स्वच्छ भाषेत विचारलं, रुग्णाने याआधी काही औषध घेतलं आहे का.

मी म्हटलं, "घेतलं न बाई. सकाळीच घेतलं."

पायलने लिहिलं. मी शर्ट काढून त्याची घडी केली आणि पुतळ्याच्या डोक्याखाली सारली. तिने बघितलं, आणि तिला बरं वाटलं. मला तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं, तेच. मी पदराआड बटण दाबत राहिले. बाहुल्या मोठ्या, बाहुल्या लहान. तिने सुया दिल्या, पोट धुतलं, सगळं पुस्तकाप्रमाणे, एकही चूक नाही. चाळीस मिनिटांत मी नाडी थांबवली.

मी पुतळ्याचं डोकं उचललं आणि शर्ट तिच्या हातात दिला. तिने वास घेतला. तिचा बाप संध्याकाळी घरी येतो तो वास. पोरीचा चेहरा उतरला.

"मॅडम, घरी मले समजलं असतं," ती म्हणाली. "घरी कोणी म्हटलं असतं न, औषध घेतलं, तं मले समजलं असतं."

"मग घरच्यावानीच इचार न. तुले कोणी अडवलं?"

ती रडली. मी तिला रडू दिलं. इथं रडून घे म्हटलं, हा पाहुणा कोणाले सांगत नाही. मग डोळे पुसून पुन्हा उभी राहिली, आणि मी पुन्हा पदर घेतला. या खेपेला तिने कागद बाजूला ठेवला, माझ्याजवळ आली, आणि विचारलं, "कायचं औषध, काकू? पेलं का मारलं?"

पेलं का मारलं. तीन शब्द. कुठल्या पुस्तकात नाहीत. शनिवारपर्यंत अठ्ठावीस जणींनी ते विचारले, अठ्ठावीस वेळा शर्ट काढला, पाठ धुतली, नखं धुतली. दोघींचे हात पँटवर थांबले. मी वाट बघत उभी राहिले. पुतळ्याच्या डाव्या कानाची कातडी थोडी सुटली. जादा संच त्यासाठीच घेतला होता.

सोमवारी पोरी वॉर्डात गेल्या. पायलने दोन दिवसांनी येऊन एवढंच सांगितलं, की एक माणूस आला होता आणि तिने आधी त्याच्या पाठीला हात लावला. पुढचं मी विचारलं नाही. तिचं तोंड सांगत होतं.

आता शेवटचं. या नव्या प्रयोगशाळेची एक वही आहे. तारीख, विषय, शिकवणाऱ्याचं नाव, शिक्षण. तपासणीला ती लागते. त्या आठवड्याच्या ओळीत मी नाव लिहिलं, सुभद्रामावशी. ती जाऊन आता पाच वर्षं झाली. मॅडमनी मला बोलावलं, वही पुढे केली, आणि या कोण असं विचारलं. मी सांगितलं. सगळं, मंदाला बाहेर बसवलं तेसुद्धा. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ते सगळं ठीक आहे हो, पण शिक्षणाच्या रकान्यात काहीतरी लागेल. तिथे तुमचं नाव घालू, आणि यांचं आपण आभारात घेऊ. किल्लीसुद्धा तुमच्याकडेच ठेवा हवी तर.

भाव चांगला होता. दुसरी कोणतीही गोष्ट असती तर मी घेतला असता.

शिक्षणाचा रकाना मोकळा आहे. नाव शाईने लिहिलेलं आहे, आणि लिहिलेलं खोडता येत नाही, हे मला फार पूर्वी याच खात्याने शिकवलं आहे.